रवा धरलेला दगड

कॉलेजात आमच्या भूशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात काचेचं एक जुनं कपाट होतं. त्यात मधल्या फळीवर तळहाताएवढा एक तुकडा होता. पांढरट दगड आणि त्यात काळ्याभोर रेघा, पट्टी धरून आखल्यासारख्या. पहिल्या वर्षाला असताना सरांनी तो बाहेर काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हा कसा तयार झाला असेल?"

माझं लहानपण पंचगंगेच्या काठचं. पूर ओसरला की काठावर गाळाचे थर कसे चढतात, खाली जाड वाळू आणि वर लोण्यासारखी माती कशी बसते, हे पायांना ठाऊक होतं. मी लगेच म्हटलं, "गाळाचा आहे, सर. नदीनं घातलेला."

सर म्हणाले, "इथं नदी नव्हती. पाणीच नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतला दगड आहे हा, बुशवेल्डचा. दोनशे पाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात, हजार अंशांहून जास्त तापलेल्या शिलारसात या रेघा उमटल्या."

मी गप्प बसले. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "बरं, आता सांग, यातली वरची बाजू कुठली?"

काळं खनिज म्हणजे क्रोमाइट, हे तोवर कुणीतरी सांगितलं होतं. क्रोमाइट जड, पांढरं प्लॅजिओक्लेज हलकं. जड ते खाली. मी बोट दाखवलं. सर म्हणाले, "पुस्तकात तसंच लिहिलंय." आणि तुकडा परत कपाटात ठेवला. त्यांनी बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. त्या दुसऱ्या प्रश्नानं मला सोडलेलं नाही.

आपल्याकडे थरांची सवय डोळ्यांना असतेच. पावसाळा संपताना घाटातून जा, सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात. गवताचा पट्टा, कड्याचा पट्टा, पुन्हा गवत. स्वीडिश भाषेत जिन्याच्या पायरीला जो शब्द आहे त्यावरूनच या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात. पण सह्याद्रीचा प्रत्येक थर ही वेगळी घटना आहे. लाव्हा आला, पसरला, थिजला. मग काही काळ गेला, त्यावर माती धरली, पुन्हा लाव्हा आला. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं हे बाड एकेक पान मांडत गेलेलं आहे, आणि ते वाचणं त्या मानानं सोपं आहे.

बुशवेल्डचा तुकडा तसा नाही. तिथला शिलारस वर आलाच नाही. जमिनीखालीच त्यानं ठाण मांडलं आणि तिथंच तो हळूहळू थंड झाला. सुरुवातीला सारखा दिसणारा तो रस थिजता थिजता स्वतःला निवडत गेला, गव्हातले खडे निवडावेत तसा. एक खनिज इथं, दुसरं तिथं. काही सेंटिमीटरचे थर, काही मीटरचे, आणि एकूण जाडी सात-आठ किलोमीटर. हे अंधारात कसं घडलं असेल, हा प्रश्न मला सह्याद्रीच्या प्रश्नापेक्षा नेहमीच खोल वाटत आलाय.

याचं पहिलं उत्तर मला पुस्तकाआधी घरात सापडलं होतं, फक्त तेव्हा ते उत्तर आहे हे कळलं नव्हतं. आई तूप कढवायची. बेरी तळाशी बसली की गाळून बरणीत ओतायची आणि बरणी फडताळात कोपऱ्यात ठेवायची. मी हात लावायला गेले की म्हणायची, "हलवू नकोस गं, रवा धरू दे." घाईत थंड केलेलं तूप गुळगुळीत, मेणासारखं होतं. निवांत थंड झालं तर टपोरा रवा धरतो. आणि रवा धरला की बरणीत दोन भाग दिसतात: खाली दाणेदार पांढरं, वर पिवळं पातळ. दोन्ही तूपच. पण तुपात अनेक प्रकारची स्निग्धं असतात, त्यातली लवकर गोठणारी आधी दाणे होऊन बसतात आणि उशिरा गोठणारी पातळ राहतात. म्हणजे वरचं पातळ तूप हे मूळ तूप उरलेलंच नसतं. त्यातून काहीतरी वजा झालेलं असतं.

शिलारसाचं अगदी हेच होतं. बेसाल्टच्या जातीचा शिलारस, म्हणजे लोह-मॅग्नेशियमनं भरलेला आणि सिलिका बेताची असलेला, अकराशे-बाराशे अंशांवर गोठायला लागतो. पण पाण्यासारखा एका ठरावीक तापमानाला सगळाच्या सगळा गोठत नाही. आधी बहुधा ऑलिव्हीन, मग प्लॅजिओक्लेज आणि पायरोक्सीन, पुढे मॅग्नेटाइट. जे खनिज गोठून बाजूला होतं ते आपल्याबरोबर काही मूलद्रव्यं घेऊन जातं आणि उरलेल्या रसाची घडण बदलते. बदललेल्या रसातून पुढचं खनिज वेगळ्या घडणीचं निघतं. नॉर्मन बोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेच्या भट्टीत हे दाखवून दिलं. पण भट्टीतली गोष्ट निसर्गात खरोखर अशी घडते का, हे दाखवणारा डोंगर हवा होता.

तो १९३० साली सापडला. लॉरेन्स वेजर नावाचा तरुण इंग्रज भूशास्त्रज्ञ एका ब्रिटिश मोहिमेबरोबर पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर गेला होता. तिथं कांगेरलुस्सुआक नावाच्या खाडीच्या तोंडाशी, हिमनद्यांनी तासून काढलेल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर त्याला पट्टे दिसले. त्या जागेचं नाव स्केअरगार्ड. डॅनिश भाषेत याचा अर्थ किनाऱ्यालगतच्या खडकाळ बेटांची रांग. १९३३ साली हाच वेजर एव्हरेस्टवर प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय साडेआठ हजार मीटरच्या वर चढून आला, आणि १९३५-३६ मध्ये पत्नी, भाऊ आणि विल्यम डीअर या सहकाऱ्यासह पुन्हा ग्रीनलंडला गेला. त्यांनी अख्खा हिवाळा तिथं काढला. १९३९ मध्ये वेजर आणि डीअर यांचा अहवाल छापून आला आणि भूशास्त्रात स्केअरगार्ड हे तीर्थक्षेत्र झालं.

स्केअरगार्ड तसं लहान आहे. दहा-अकरा किलोमीटर लांब, सात-आठ किलोमीटर रुंद. साडेपाच कोटी वर्षांहून थोडं जुनं. पण त्याचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे: शिलारसाची ती कोठी भरल्यावर जवळजवळ बंदच झाली. नव्या रसाची भर पडली नाही. त्यामुळे एका रसाचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय होतं ते सरळ वाचता येतं. तळाकडे ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम भरपूर. वर चढत जावं तसं ते घटतं आणि लोह वाढतं. मधल्या भागात ऑलिव्हीन नाहीसंच होतं, आणि वर ते पुन्हा उगवतं तेव्हा अगदी शेवटी जवळपास निव्वळ लोहाचं असतं. प्लॅजिओक्लेजमध्येही कॅल्शियम कमी होत जातं, सोडियम वाढतं. हा बदल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दगडाचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. डोळ्यांना दिसणारे काळे-पांढरे पट्टे वेगळे आणि त्यांच्या आतून तळापासून माथ्यापर्यंत चाललेला हा सावकाश बदल वेगळा. भजनात टाळाचा ठेका आणि वर चढत जाणारा स्वर, तसं काहीसं.

कोठी नुसती खालून भरत आली नाही. छताकडूनही दगड गोठत खाली येत होता, भिंतींकडून आत सरकत होता. तळाकडून चढणारा आणि छताकडून उतरणारा दगड जिथं भेटले त्या पातळीला 'सँडविच होरायझन' म्हणतात. उरलेला शेवटचा रस तिथं चेपला जाऊन गोठला. ते वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. कुठल्याही कोठीचा शेवटचा थेंब कुठं गोठला हे बोट ठेवून सांगता यावं, याचं मला आजही अप्रूप आहे.

आता पट्ट्यांचं. वेजर आणि डीअर यांनी मांडलं ते असं: छताजवळ आणि भिंतींजवळ रस थंड होतो, जड होतो, स्फटिकांसह भिंतीवरून खाली घसरतो आणि तळावर पसरतो. प्रवाह मंदावला की जड काळे स्फटिक आधी बसतात, हलके पांढरे नंतर. एक प्रवाह, एक पट्टा. पुढे १९६० मध्ये वेजर आणि सहकाऱ्यांनी अशा साठलेल्या दगडाला 'क्युम्युलेट' असं नावही दिलं, साठ्यातून झालेला दगड म्हणून. म्हणजे माझा पंचगंगेचा गाळच झाला हा! पट्ट्यांची रचनाही साथ देत होती. खाली काळं, वर पांढुरकं होत जाणारं. काही ठिकाणी नदीच्या वाळूत दिसावेत तसे तिरपे, एकमेकांना छेदणारे थर. छताचे तुकडे निखळून तळावर पडलेले, आणि ते जिथं पडले तिथं खालचे थर खचलेले, मऊ गादीवर दगड टाकावा तसे. मीही परीक्षेत हेच लिहिलं. चांगले गुण मिळाले.

पण १९७९ मध्ये, म्हणजे मी कॉलेजात जायच्या कितीतरी आधी, अलेक्झांडर मॅकबर्नी आणि रिचर्ड नॉइस यांनी एक साधा हिशेब मांडला होता आणि तो आमच्या नोट्समध्ये आलाच नव्हता. प्लॅजिओक्लेजची घनता दोन पूर्णांक सहा-सातच्या घरात. स्केअरगार्डचा रस मात्र लोहानं जड होत गेलेला. अशा रसात प्लॅजिओक्लेज बुडणारच नाही, एक तर जिथल्या तिथं तरंगेल, नाहीतर वर जाईल. मग तळावरच्या थरांत ढीगभर प्लॅजिओक्लेज आलं कुठून? दुसरी गोष्ट आणखी अडचणीची. भिंतींना धरून गोठलेल्या दगडातही पट्टे आहेत, जवळजवळ उभे. उभ्या भिंतीवर गाळ बसतो कसा?

हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. मनातून मी हादरले होते. ज्या गोष्टीवर माझा पुराच्या गाळाइतका विश्वास होता, ती अशी उभ्या भिंतीशी येऊन थांबली. सुट्टीत घरी गेले तर आईनं काकवीची बरणी काढली होती. वर्षभर ठेवलेली, कोल्हापूरकडची दाट काकवी. तिच्या तळाशी साखरेचे खडे धरलेले होते. आणि भिंतीलाही. काचेला चिकटून, आतल्या बाजूला वाढत गेलेले. ते खडे कुठून येऊन बसलेले नव्हते, जिथं होते तिथंच उगवले होते. खडीसाखर दोऱ्यावर धरते ती तरी वेगळं काय करते?

हेच दुसरं उत्तर. स्फटिक रसातून पडत नाहीत, तळावर आणि भिंतीवर जागच्या जागी वाढतात. प्लॅजिओक्लेज वाढायला लागलं की आपल्याला हवं ते ओढून घेतं, भोवतीच्या पातळ पापुद्र्यात लोह-मॅग्नेशियम साचतं, मग पायरोक्सीनची पाळी येते, मग पुन्हा प्लॅजिओक्लेज. रस स्थिर असला तरी पट्टे उमटू शकतात. स्कॉटलंडच्या रम बेटावर तर याचा ढळढळीत पुरावा आहे: ऑलिव्हीनचे लांबच लांब स्फटिक तळावरून वर वाढलेले, शेतात पीक उभं राहावं तसे. बेटावरच्या हॅरिस नावाच्या जागेवरून त्या दगडाला हॅरिसाइट म्हणतात. पडलेला स्फटिक असा उभा राहत नाही.

मग पहिलं उत्तर खोटं का? तसंही नाही. हवाई बेटांवर १९५९ मध्ये किलाउआ इकी विवरात लाव्हाचं शंभर मीटरहून खोल तळं साचलं. त्याची साय धरल्यावर वर्षानुवर्षं त्यात भोकं पाडून नमुने काढले गेले. तिथं ऑलिव्हीनचे दाणे खरोखर खाली बसलेले सापडले. स्केअरगार्डचे खचलेले थर आणि छेदणारे पट्टेही कुणी पुसू शकत नाही. आजही या विषयावरची मंडळी तावातावानं भांडतात, आणि मला त्या भांडणात दोन्हीकडची बाजू पटते. अलीकडे तर तिसरी बाजू आली आहे. बुशवेल्डच्या काही थरांची वयं अगदी बारकाईनं मोजली तर खालचा थर वरच्यापेक्षा तरुण निघाला. म्हणजे आधी गोठलेल्या थरांमध्ये नवा रस मागाहून घुसला असावा, वह्यांच्या चळतीत मधेच एखादी वही सरकवावी तसा. काहींना हे मान्य नाही. त्यांच्या मते तिथं रसानं भरलेली एक अवाढव्य कोठी होतीच. माझा कल, विचाराल तर, उगवण्याच्या बाजूला जास्त झुकतो. पण काकवीची बरणी आधी पाहिल्यामुळे तो तसा झुकला असेल, हेही मला नाकारता येत नाही.

बुशवेल्डबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. साठ हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा. त्यात क्रोमाइटचे काळे थर शेकडो किलोमीटर माग काढता येईल इतके सलग. क्रोमियम शिलारसात असतं किती? हजारात जेमतेम एखादा भाग. एक मीटर जाडीचा निव्वळ क्रोमाइटचा थर घालायचा तर त्यावर शेकडो मीटर उंचीचा रस पिळून निघायला हवा, आणि तेवढा वेळ दुसरं कुठलंही खनिज गोठता कामा नये. हे कसं जमलं असेल? नील अर्व्हाइन यांनी १९७० च्या दशकात एक देखणं उत्तर दिलं. कोठीत जुना, थोडा निवलेला रस असताना खालून नवा, ताजा रस घुसतो. दोघांपैकी कुणीही एकटा नुसतं क्रोमाइट देणारा नसतो. पण ते मिसळले की मिश्रण अशा घडणीचं होतं की काही काळ त्यातून फक्त क्रोमाइट निघतं. दूध नासायला ताकाचा एक पळा पुरतो, तशी ही मिसळण. १९२४ साली याच बुशवेल्डमध्ये आन्द्रिस लोम्बार्ड नावाच्या शेतकऱ्यानं कोरड्या ओढ्याची रेती पाखडली, तिच्यात पांढुरके जड कण सापडले, आणि हान्स मेरेन्स्की यांनी त्यांचा माग काढत प्लॅटिनमचा थर शोधला. मेरेन्स्की रीफ. टनामागे काही ग्रॅम एवढंच प्लॅटिनम, पण शेकडो किलोमीटर लांब. गाड्यांच्या धुराड्यांतला धूर शुद्ध करणारं प्लॅटिनम बव्हंशी बुशवेल्डमधूनच येतं.

कॉलेजच्या कपाटातला तो तुकडा त्याच भागातला, द्वार्स नदीच्या पात्राजवळचा असावा असं मी धरून चालले आहे. पांढऱ्यात काळ्या रेघा अशा तिथंच प्रसिद्ध आहेत. तिथल्या फोटोत नीट पाहिलं तर एक रेघ मधेच दुभंगते आणि पुढं पुन्हा जुळते. पुराच्या गाळाचा थर असा वागलेला मी तरी पाहिला नाही.

मी आफ्रिकेला गेलेले नाही, ग्रीनलंडलाही नाही. पण असा दगड पाहायला तेवढं लांब जावं लागत नाही हे मला उशिरा कळलं. गोव्यात तिस्क-उसगावच्या पुढं, बोंडल्याच्या जंगलाच्या बाजूला असाच एक थरांचा गोळा आहे. तळाकडे ऑलिव्हीननं भरलेले काळपट जड दगड आणि त्यात क्रोमाइट, वरच्या अंगाला गॅब्रोच्या, म्हणजे बेसाल्टच्याच घडणीच्या पण जमिनीखाली सावकाश गोठलेल्या दगडाच्या जातीचे. आपल्या सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानवली-वागद्याला क्रोमाइट आहे, तेही अशाच जड, काळ्या दगडांच्या कुळातलं. पण कोकण-गोव्यात दगड बघायचा म्हणजे जांभ्याशी झगडा. जांभा सगळं झाकून टाकतो. बोंडल्याला आम्ही ओहोळाच्या पात्रातून चालत होतो, ऑक्टोबर अखेर, गुडघाभर पाणी. शेवाळ खरवडल्यावर एका धोंड्यावर काळ्या दाण्यांचा पट्टा दिसला, बोटाएवढा रुंद. धोंडा पात्रात लोळत आलेला, त्यामुळे वर कुठं, खाली कुठं, काहीच सांगता येत नव्हतं. मी त्याच्याशेजारी पाण्यात उभी राहिले आणि मला सरांचा दुसरा प्रश्न ऐकू आला.

आणि आमचा सह्याद्री? एवढा लाव्हा वर आला तर तो खाली कुठंतरी थांबून आला असणार. तशा थांबण्याची खूण आहे. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना थळघाटात एक वेगळाच बेसाल्ट लागतो. काळ्या दगडात पांढुरक्या प्लॅजिओक्लेजच्या कांड्या, काही तर बोटाएवढ्या. तशाच कर्जतजवळ कशेळ्याला, मंचरला. जमिनीवर पसरलेल्या लाव्हाला एवढा स्फटिक वाढवायला वेळच मिळत नाही. या कांड्या खाली, कोठीतच वाढल्या. रसापेक्षा हलक्या म्हणून वरच्या अंगाला जमल्या आणि उद्रेकाबरोबर बाहेर फेकल्या गेल्या. म्हणजे बुडायला नकार देणारं ते प्लॅजिओक्लेज, ज्यानं माझं परीक्षेतलं उत्तर मोडलं, ते माझ्या घराच्या वाटेवर साडेसहा कोटी वर्षं पडून होतं.

ती कोठी मात्र आपल्याला दिसत नाही. ग्रीनलंडला हिमनद्यांनी छप्पर उडवून आतलं दाखवलं, आपल्याकडे बेसाल्टची चळत तशीच वर आहे. मुंबईच्या परिसरात गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा जास्त मोजलं जातं, आणि त्याचा अर्थ खाली जड, काळा, कोठीत गोठलेला दगड असावा असा लावला जातो. त्यात पट्टे असतील का? ऑलिव्हीन तळाशी बसलं असेल, की रमसारखं पीक होऊन उभं असेल? शेवटचा थेंब कुठं गोठला असेल?

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा थळघाटात गेले, जुन्या रस्त्यानं, पायी. रस्त्याकडेच्या कापावर उन्हात कांड्या चमकत होत्या. बहुतेक आडव्यातिडव्या, कुठं कुठं एका दिशेनं वळलेल्या, लाव्हा ज्या बाजूला वाहिला असेल त्या बाजूला. एका कांडीवर मी बोट ठेवलं. एका टोकाला ती जाड होती, दुसऱ्या टोकाला निमुळती. कोठीत ती कुठल्या टोकाकडून वाढली असेल, ते बघायला मी भिंग काढलं.